पाच शाळा, एक दोरी

शाळेत पी.टी.च्या बाईंची आठवण तीनच वेळा होते. पंधरा ऑगस्टला झेंडा वर अडकला की, ऑफ तासाला वर्ग सांभाळायला कोणी मिळालं नाही की, आणि प्रार्थनेला पोरांनी दंगा केला की. एरवी आम्ही म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवून उन्हात उभं राहण्याचा पगार घेणारी माणसं, असं स्टाफरूमचं स्पष्ट मत होतं. इंग्रजीच्या एक बाई मला एकदा अगदी मनापासून म्हणाल्या होत्या, "तुमचं बरं आहे हो, पेपर तपासायला लागत नाहीत." मी म्हटलं, "या ना मग, अदलाबदल करू. उद्या सातवी ब ला लांब उडी आहे." त्यानंतर त्यांनी माझ्या नोकरीचा हेवा केला नाही.

एकतीस वर्षं मी पुण्यातल्या बिबवेवाडीहून कातवडीला गेले. कातवडी म्हणजे हिंजवडीच्याही पलीकडे, डोंगराला टेकलेलं गाव. सुरुवातीला माझ्याकडे मोपेड होती. चांदणी चौकाच्या चढावर तिला पायडल मारून मदत करावी लागे. शेवटी शेवटी स्कूटर होती आणि मदतीची गरज मला लागायची, कारण कंपन्यांच्या बसगाड्यांच्या रांगेत अडकले की पहिला तास बुडालाच म्हणून समजायचं. म्हणजे रस्ता खड्ड्यांचा होता तेव्हा मी वेळेवर पोचायचे, आणि चौपदरी झाल्यावर उशिरा. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

आज लिहायचं आहे ते आमच्या मंडळाबद्दल. मंडळ म्हणजे पाच गावांच्या पाच माध्यमिक शाळांचं क्रीडा मंडळ: कातवडी, मोरखिंड, बावखल, आंबेटाकळी आणि उंबरदरी. शहरातल्या शाळांच्या स्पर्धांना आमची पोरं जायची तेव्हा बूट घातलेल्या मुलांकडे बघण्यातच त्यांचा अर्धा जीव जायचा. म्हणून आमच्या शाळेचे तेव्हाचे मुख्याध्यापक तावरे गुरुजी यांनी ठरवलं की आपली आपली स्पर्धा घ्यायची. दर वर्षी एक गाव यजमान. दिवाळीनंतर तीन दिवस. कबड्डी, खो-खो, धावणे, लांब उडी. पाहुण्या खेळाडूंनी जेवायचं ते यजमान खेळाडूंच्या घरी, आणि तेही ज्याच्याशी सामना आहे त्याच्याच घरी. गुरुजी म्हणायचे, "ज्याच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली, त्याच्या पायात पाय घालताना माणूस दोनदा विचार करतो." प्रत्यक्षात मोरखिंडच्या आया पाहुण्यांना सामन्याच्या आधी इतकं आग्रहानं वाढायच्या की पोरांना पळवेना. मोरखिंड घरच्या मैदानावर क्वचितच हरलं.

पाच शाळांत मिळून तेव्हा एकही लांब टेप नव्हती. मैदान आखायचं कसं? गुरुजी तालुक्याच्या गावी गेले, कोणाकडून तरी टेप मागून घेतली, नियमाच्या पुस्तकातलं माप घेऊन एक जाड सुती दोरी कापून आणली. खो-खोच्या दोन खांबांमधलं अंतर म्हणजे ही दोरी. जिथे जिथे मुली बसायच्या त्या चौकोनांच्या जागी त्यांनी लाल चिंध्या बांधल्या. दोरी ताणायची, चिंध्यांखाली फक्की टाकायची, की मैदान तयार. फक्की म्हणजे चुन्याची पूड. ती नाकात गेली की माणूस दिवसभर शिंकतो, एवढं सांगितलं की पुरे.

ही दोरी पुढे मंडळाचं दैवतच झाली. स्पर्धा संपली की ढाल जिंकणाऱ्या शाळेला आणि दोरी पुढच्या यजमानाला. ढाल कोणीही उचलून न्यायचं, पण दोरी घेताना मुख्याध्यापक चपला काढून नारळ फोडायचे. आंबेटाकळीचे सरपंच एकदा उद्घाटनाला आले होते. नाणेफेक त्यांच्या हस्ते, आणि आंबेटाकळी ती हरली. सरपंच म्हणाले, "ही रंगीत तालीम. आता खरी उडवतो." कोणाच्या बापाला ऐकेनात. शेवटी गुरुजींनी दोरी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "हिच्यावर हात ठेवून सांगा, तालीम होती का ते." सरपंच मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसले.

तर अशी दोरी. तिच्यावर शंका घेणं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही.

आता थोडं खो-खोबद्दल, ज्यांनी तो फक्त शाळेच्या खिडकीतून पाहिला असेल त्यांच्यासाठी. दोन टोकांना दोन खांब. मध्ये एका ओळीत आठ चौकोन, त्यात आठ जणी, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पाठलाग करते. पळणारीला ओळीतून कुठूनही निसटता येतं, पाठलाग करणारीला मात्र ओळ ओलांडायची बंदी. मग ती बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणते. ती उठते, ही बसते. पळणारी तयारीची असली की खांबाला वळसा घालते आणि तिथेच पाठलाग फसतो. त्यावर उपाय एकच. खांबावर सूर मारायचा. एका हातानं खांब धरायचा, सगळं अंग पलीकडे झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हातानं तिला टिपायचं. हा सूर डोळ्यांनी मारत नाहीत, कारण डोळे पळणारीवर असतात. तो पायांनी मारतात. शेवटून तिसऱ्या चौकोनातून उठलं, की पाच पावलं आणि सहाव्याला अंग हवेत. हे पायात मुरायला दोन-दोन वर्षं लागतात.

माझ्या हाताखालून शेकडो मुली गेल्या. वैशालीसारखा सूर कोणाचाच नव्हता.

वैशाली म्हणजे बबनराव या शेतकऱ्याची थोरली. तेव्हा नववीत होती. बारकी, काटक, बोलायला एकदम कमी. तिला संघात घ्यायचं म्हणून मी तिच्या घरी गेले होते तेव्हा बबनराव म्हणाले, "बाई, पोरगी पळती ते ठीक हाय, पण पडती किती ओ! गुडघं बघा तिचं." मी म्हटलं, "बबनराव, ती पडत नाही, सूर मारते." ते म्हणाले, "आमाला लांबनं सारखंच दिसतंय." पण पाठवलं. माणूस तोंडाचा फटकळ, मनाचा चांगला.

त्या वर्षी पाचही शाळांतून निवडलेला आमचा मुलींचा संघ जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा शेवटच्या सामन्यापर्यंत गेला. आधीच्या सामन्यांत आमचं पळणंच इतकं भारी पडलं की खांबावर सूर मारायची वेळ आली नाही. आता समोर शहरातली नावाजलेली शाळा. शेवटचा डाव, शेवटची काही सेकंदं, एक गुण मिळाला तर बरोबरी. त्यांची पळणारी खांबाकडे निघाली. वैशालीला शेवटून तिसऱ्या चौकोनात खो मिळाला. मी मनात म्हटलं, झालं, गडी बाद. पाच पावलं, सहाव्याला अंग हवेत, आणि तिचा हात खांबाला लागलाच नाही. हातभर अलीकडे ती मातीत आपटली. तिकडे शिट्टी झाली.

माझा पारा चढला होता. सगळ्या संघासमोर, दुसऱ्या शाळांच्या मुलींसमोर मी तिला म्हणाले, "ऐनवेळी कच खाल्लीस. दुसरं काय!"

ती रडली नाही. हनुवटीला लागलेली माती पुसली आणि बसमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसली. मला आजही तो हनुवटी पुसणारा हात दिसतो आणि स्वतःची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. वर्गात यायची, खाली मान घालून बसायची. गावात बातमी पोचायला काय वेळ लागतो? पोरं तिला 'कचखाऊ वैशी' म्हणायला लागली. म्हणजे शब्द माझा आणि प्रसार गावाचा. मी दोनदा तिला बोलावलं. ती म्हणाली, "नको बाई. मला खांब बघितला की भ्या वाटतं." जी मुलगी कधी कशाला घाबरली नव्हती, तिला मी भीती शिकवली होती. तिचं वयात बसणारं आता एकच वर्ष उरलं होतं. दहावी झाली की संपलंच.

मी मात्र माझ्या ताठ्यात. मनात म्हणायचे, खेळाडू आहे, एवढं ऐकून घ्यायला नको?

पुढच्या वर्षीची स्पर्धा कातवडीला होती, त्यामुळे दोरी आमच्या ऑफिसात खुंटीला टांगलेली होती. अशात एक दिवस विज्ञानाचे कांबळे सर आठवीला मापन शिकवत होते. कांबळे सर मूळचे वर्ध्याकडचे, उंच, अतिशय शांत, आणि समोरच्याला चिडवायचं तर आवाज आणखी खाली आणणारे. त्यांनी वर्ग मैदानावर आणला, लाकडी मीटरपट्ट्या दिल्या आणि खांबापासून खांबापर्यंत मोजायला सांगितलं. मी झाडाखाली उभी होते.

"बाई, तुमचं माप किती?" त्यांनी विचारलं.

मी पुस्तकातलं माप ठणकावून सांगितलं.

"मुलांचं मीटरभर कमी येतंय."

"मुलांना मोजता येत नाही," मी म्हटलं.

"असेल. पण दोन गटांनी वेगवेगळं मोजलं. दोन्ही गट नेमके तेवढेच चुकले?"

तास संपल्यावर दोघं ऑफिसात गेलो आणि दोरी खाली काढली. इतकी वर्षं ती हाताळत होते, पण तिच्याकडे बघितलं त्या दिवशी. दोरीला गाठी होत्या. मध्ये दोन, आणि दोन्ही टोकांना चार-चार. दर वर्षी ताणताना कुठेतरी तुटायची, आम्ही गाठ मारायचो आणि पुढे जायचो. मोरखिंडवाल्यांनी मारली, बावखलवाल्यांनी मारली, त्यातल्या तीन तर मी स्वतः मारलेल्या. दोरी तुटत नाही ना, एवढंच आम्ही बघत होतो. प्रत्येक गाठ बोट-दोन बोट नाही, चांगली चार-पाच बोटं दोरी खात होती हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. खांबही पाचही गावांत दर वर्षी हीच दोरी मागून आणून नव्यानं रोवायचे, कारण पावसाळ्यात कोणीतरी ते गोठ्याला न्यायचं. म्हणजे मैदान वर्षानुवर्षं आकसत होतं आणि खांब त्याच्यामागे सरकत होते.

कांबळे सरांनी टोकाच्या गाठींवरून बोट फिरवलं. "मैदानावर खुंट्या ठोकून ताणली की ताण टोकांनाच बसतो, म्हणून दोरी इथेच तुटते. मधले चौकोन जवळपास ठीक असतील. शेवटचा चौकोन आणि खांब, ह्यांच्यात मात्र हातभर कमी."

"हातभर," मी म्हटलं. वैशाली खांबापासून नेमकी हातभर अलीकडे पडली होती. तिचे पाय चुकले नव्हते. मी शिकवलेलं मैदान चुकलं होतं.

आता खरी पंचाईत. हे सांगायचं म्हणजे दोरीवर बोट ठेवायचं, आणि दोरी म्हणजे तावरे गुरुजी. ते निवृत्त होऊन गावातच राहायचे, पंचाहत्तरीला आलेले, रोज संध्याकाळी काठी टेकत मैदानावर येऊन बसायचे. मंडळ हेच त्यांच्या आयुष्यातलं मोठं काम. त्यांना काय सांगू, की गुरुजी, तुमच्या पाच गावांची सगळी जेतेपदं चुकीच्या मापावरची आहेत? मी कांबळे सरांना म्हटलं, "मीटरपट्टीचा काय भरवसा! आधी नीट टेपनं मोजू, मग बघू." खरं म्हणजे मला वेळ काढायचा होता.

बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून मी तीस मीटरची टेप आणली. रविवारी सकाळी, मुलं नसताना, आम्ही दोघं मैदानावर गेलो. सरांनी एक टोक खांबाला धरलं, मी दुसरं धरून चालायला लागले.

इथे एक चूक झाली. अशी चूक फक्त बिबवेवाडीत राहणारं माणूसच करू शकतं. तो काळ जमिनी जाण्याचा होता. हिंजवडीकडे काचेच्या पहिल्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आसपासच्या प्रत्येक गावात आज ना उद्या मोजणीवाले येणार ही धास्ती होती. कातवडीत हातात लांब टेप घेऊन उभं राहणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं.

पाच मिनिटांत वीस माणसं जमली. दहा मिनिटांत पन्नास. पुढे बबनराव, हातात पहार. कुंपणाचं काम टाकून तसेच आले होते.

"बाई, तुमी पण?" त्यांनी पहार जमिनीवर आपटली. "तुमी पण त्यांना सामील?"

"कोणाला सामील? अहो बबनराव, मी मैदान मोजतेय."

"तेच इचारतोय! शाळंचं मैदान कशापायी मोजताय? कुनी पाठवलं?"

"अहो, खो-खोसाठी!"

"खुळं समजता व्हय आमाला? खो-खोला दोरी हाय की! इतकी वर्सं दोरीवर चाललंय, आन आजच कशी टेप लागली?"

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "टेप घ्या काढून!" कांबळे सर आपल्या नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, आता सांगून टाका. नाहीतर आपली मोजणी होईल."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि काठी टेकत गुरुजी आले. त्यांनी टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बाई, दोरी असताना टेप कशाला?"

आणि त्यांच्या मागे, बापाला शोधत आलेली वैशाली उभी होती.

तिला बघितलं आणि माझा वेळ काढायचा बेत तिथेच संपला. मी म्हटलं, "गुरुजी, मैदान आखूड आहे. दोरीला दहा गाठी आहेत, त्यातल्या तीन मी मारल्यात. प्रत्येक गाठीनं दोरी खाल्ली. खांब हातभर जवळ आलाय, दोन्हीकडून." मग मी वैशालीकडे वळले. पन्नास माणसांसमोर तिला बोलले होते, तर पन्नास माणसांसमोरच परत घ्यायला हवं होतं. "वैशाली, तू कच खाल्ली नव्हतीस गं. तुझी पावलं बरोबर होती. तिथला खांब बरोबर जागी होता आणि आपला चुकीच्या. चूक माझी. मी न मोजता तुला बोलले."

गुरुजींनी ऑफिसातून दोरी आणायला लावली. टेपच्या शेजारी जमिनीवर अंथरली. दोरी संपली आणि टेप पुढे जात राहिली. गुरुजी खाली वाकून त्या उरलेल्या अंतराकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस खचला.

गुरुजी सरळ झाले आणि म्हणाले, "म्हणजे आंबेटाकळीचे सरपंच आखूड दोरीला घाबरले होते म्हणायचे."

मी हसले, आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गुरुजी पुढे म्हणाले, "बाकीच्या चारही शाळांना मी जाऊन सांगतो. दोरी मी कापली होती, गाठीही मीच मोजायला हव्या होत्या." आणि खरोखरच त्या आठवड्यात ते एस.टी.नं चारही गावं फिरले. आंबेटाकळीचे मुख्याध्यापक तेवढं म्हणाले, "माप सुधारा, पण आमची ढाल परत मागू नका म्हणजे झालं."

पण ते नंतरचं. त्या सकाळी वैशाली पुढे आली आणि कांबळे सरांना तिनं विचारलं, "सर, खरा खांब कुठं येतो?"

सरांनी जुना खांब उपटून बाजूला टाकला आणि टेप बघून फक्कीनं खूण केली. वैशालीनं बापाच्या हातातल्या पहारीकडे बघितलं. "आबा, हितं रोवा."

बबनराव गोंधळले. भांडायला आणलेली पहार त्यांनी दोन घाव घालून जमिनीत रोवली आणि हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. वैशाली शेवटून तिसऱ्या चौकोनात जाऊन बसली. मी तिच्या मागे गेले, पाठीवर हात मारला, "खो!"

पाच पावलं, सहाव्याला हवेत, आणि धप्प. हातभर अलीकडे. अगदी जिल्ह्याला पडली होती तिथेच. सगळ्या गावानं ते बघितलं. कोणी हसलं नाही. बबनराव म्हणाले, "अगं लागलं का?"

"गप बसा आबा, पहार हलवू नका," ती म्हणाली. एवढ्या जोरात बोललेलं तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बसण्याआधी तिनं पावलं टाकून बघितली, ओठातल्या ओठात काहीतरी मोजलं आणि मला म्हणाली, "अर्धं पाऊल बाई. शेवटी अर्धंच टाकायचं." मी खो दिला. पाच पावलं, एक चोरटं अर्धं पाऊल, आणि पोरीनं जो सूर मारला! डाव्या हातात पहार, अंग पलीकडे, उजवा हात बरोबर जिथे पळणारीची पाठ असायला हवी तिथे. तिथे नेमकी बबनरावांची पाठ होती. त्यांना असा दणका बसला की टोपी उडून फक्कीत पडली.

"बाद!" गुरुजी ओरडले.

बबनराव पाठ चोळत म्हणाले, "आयला, ही पडत न्हाई, खरंच मारती की!" गाव हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. मी वैशालीला जवळ घेतलं. फक्कीनं आम्ही दोघीही पांढऱ्या झालो होतो. त्या दिवसापासून 'कचखाऊ' हा शब्द कातवडीत मी ऐकला नाही.

पुढच्या वर्षी ती जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. फार मोठं काही झालं नाही. राज्य स्पर्धेत राखीव म्हणून बसली, एक सामना खेळली, त्यात दोन गडी टिपले. पण दहावीनंतर तिनं मला विचारलं, "बाई, पी.टी.च्या बाई व्हायला काय शिकावं लागतं?" मी म्हटलं, "उन्हात उभं राहायला." तिनं तरीही ते शिक्षण घेतलं.

कातवडीचं मैदान पुढे गेलंच. रस्ता रुंद झाला, मग कंपन्यांची वसतिगृहं आली, उरलेल्या भागात बसगाड्या उभ्या राहायला लागल्या. पाचातल्या दोन शाळा मोठ्या संस्थांत विलीन झाल्या. गुरुजी गेले. मंडळ आता तीन शाळांचं आहे, आणि दर वर्षी प्रश्न असतो की खेळायचं कुठे. भाकरीची जागा पुलावाच्या डब्यांनी घेतलीय, याचं मला वाईट वाटतं. माझे विद्यार्थी गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून भेटतात, चांगलं कमावतात, आणि दोन जिने चढून धापा टाकतात, याचंही वाटतं. पण रडत बसावं असं काही नाही. तीन का होईना, शाळा खेळतात.

गेल्या दिवाळीनंतर मंडळाच्या स्पर्धेचं आमंत्रण आलं. स्पर्धा हिंजवडीजवळच, कंपनीच्या बसगाड्या उभ्या राहतात त्या मातीच्या आवारात. रविवारी गाड्या नसतात. मी गेले. नारळ फोडला गेला, नवी दोरी पुढच्या यजमानाला दिली जाणार होती. तिला गाठ मारायला आता बंदी आहे, तुटली की सरळ नवी.

वैशाली आता उंबरदरीच्या शाळेत पी.टी.ची बाई आहे. तिच्या संघाचा अंतिम सामना. शेवटचा डाव, अटीतटीचा. तिची एक बारकी मुलगी खांबावर झेपावली आणि अलीकडेच पडली. शिट्टी झाली. उंबरदरी हरली. पोरगी मातीत तशीच बसून राहिली, हनुवटी पुसत.

मी खुर्चीतून अर्धी उठले. वैशाली तरातरा चालत मैदानात गेली. मुलीकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून टेप काढली, एक टोक चौकोनावर पायाखाली दाबलं आणि खांबापर्यंत अंतर मोजलं. वाकून आकडा नीट वाचला. मग परत येऊन मुलीसमोर उकिडवी बसली.

"मैदान बरोबर आहे गं," ती म्हणाली. "चूक तुझीच आहे. ऊठ, परत मार."

मुलगी रडता रडता हसली आणि उठली. पंच म्हणाले, "अहो बाई, सामना संपलाय." वैशालीनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मान वर करून तिनं गर्दीत मला शोधलं आणि हाक मारली, "बाई, या की इकडे. खो द्यायला कोणीतरी हवंय."

गुडघे कुरकुरत होते, पण मी गेले.